पोपट घरातल्या बाकी प्राण्यांवर धावून जातो, तुमचे अनुभव लिहा

आमच्याकडे कॉन्युर जातीचा पोपट आहे आणि एक म्हातारी कुत्री. कुत्री स्वभावाने एकदम गरीब, पण ती पिंजऱ्याजवळून नुसती गेली तरी हा मान खाली घालून पिसं फुलवून धावतो, परवा तर तिच्या नाकाला असा चावला की रक्त आलं. दोघंही जिवाभावाचे, कुणालाच दुसरीकडे द्यायचं नाहीये. ज्यांच्याकडे असं आहे त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहा प्लीज.

---

आमचा क्वेकर. हे पोपट जंगलात काटक्यांची मोठीच्या मोठी घरटी बांधतात, त्यामुळे जागा राखणं त्यांच्या रक्तातच असतं. त्याचा पिंजरा आधी कुत्र्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच होता, तो कोपऱ्यात हलवला, दोन बाजूंना भिंत आली आणि अर्धी भांडणं तिथेच थांबली. बाहेर बसायला वेगळा स्टँड ठेवलाय, पिंजऱ्यापासून लांब. तिथे कुत्रा जवळून गेला तरी हा ढुंकून बघत नाही, कारण ती जागा त्याला राखायची नसते.

---

मांजरवाल्यांसाठी लिहितेय, कृपया नीट वाचा. आमच्या कॉकटिएल पोपटाने मांजरीच्या शेपटीला चोच मारली, तिने फक्त पंजा उगारला, एवढासा ओरखडा, थेंबभरही रक्त नाही. तरी व्हेटने लगेच घेऊन यायला सांगितलं आणि त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं. मांजरांच्या तोंडात पाश्चरेला नावाचे जिवाणू असतात, मांजर पंजे चाटते म्हणून ते नखांवरही येतात, आणि ते रक्तात गेले तर पक्षी एकदोन दिवसांतही दगावू शकतो. आमचा वाचला. पण तेव्हापासून हा बाहेर असला की मांजर दुसऱ्या खोलीत आणि दार बंद, मग ती कितीही शांत असो. भांडण पोपटाने काढलं तरी जीव त्याचाच जातो हो.

---

आमच्या आफ्रिकन ग्रे पोपटाचं वेगळंच, तो कुत्र्याला माझ्याच आवाजात हाक मारतो, कुत्रा धावत येतो आणि मग हा चावायला बघतो. घरातले सगळे ओरडले की याला अजून चेव यायचा, पोपटाला आरडाओरडा म्हणजे शाबासकीच वाटते. आता कुणी आवाज काढत नाही, त्याला मुकाट्याने उचलून पिंजऱ्यात ठेवतो. आणि कुत्रा खोलीत असताना हा शांत बसला की लगेच सूर्यफुलाची बी, ती बी एरवी त्याला मिळतच नाही. हळूहळू कुत्रा आला की हा माझ्याकडे बघायला लागला.

---

वयात आलेला असेल तर सीझन बघा. आमचा अॅमेझॉन पोपट विणीच्या दिवसांत कुणालाच जवळ येऊ देत नाही. पाठीवर आणि पंखांखाली हात फिरवणं बंद, फक्त डोकं खाजवायचं. अंधारे कोपरे, खोकी, सोफ्याखालची जागा बंद, आणि रात्री दहाबारा तास सलग अंधार नि झोप. याने खूप फरक पडला.

---

दुसरे पक्षी असतील तर पिंजरे चिकटून ठेवू नका. लव्हबर्ड जाळीतून बजीची (बजरीगर, छोटा पोपट) बोटं चावतात, आमच्या बजीचं नखासकट बोटाचं टोक गेलं.

---

सगळ्यांचे खूप आभार. पिंजरा आजच हलवला. पंख कापले तर धावून जाणं कमी होईल का? आणि मांजरवाल्या ताई, कुत्र्याच्या दातांचाही तेवढाच धोका असतो का?

---

पंख नका कापू. उडून निसटता येत नाही म्हटल्यावर तो घाबरून जास्त चावतो, शिवाय कुत्री उलटली तर त्याला पळताही येणार नाही. त्यापेक्षा डोळे बघायला शिका, बाहुल्या भराभर लहानमोठ्या व्हायला लागल्या आणि शेपटी पंख्यासारखी पसरली की त्याच क्षणी कुत्रीला बाहेर बोलवा.

---

हो, असतो. पाश्चरेला कुत्र्यांच्याही तोंडात असतात, वर जबड्याच्या दाबाने आतली इजा होते जी बाहेरून दिसत नाही. दात लागला असं नुसतं वाटलं तरी सकाळपर्यंत थांबू नका, पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आत्ताच शोधून ठेवा.