आयट्यून्स : गाण्यांपुढे उद्गारचिन्ह, फाइल सापडत नाही. सल्ला हवा

तानपुरा :
विंडोजवर आयट्यून्स आहे, गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डिस्क दुसऱ्या पोर्टला लावल्यापासून जवळपास सगळ्या गाण्यांपुढे उद्गारचिन्ह येतंय. फाइली डिस्कवर शाबूत आहेत. रेटिंग आणि प्लेलिस्ट न घालवता दुरुस्ती कशी करायची?

खटपट्या :
आधी एक सांगतो, फोल्डर पुन्हा लायब्ररीत ओढू नका. लायब्ररीत गाणं नसतं, त्याचा पूर्ण पत्ता असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट (E:, F: वगैरे). पोर्ट बदलल्यावर तुमच्या डिस्कचं अक्षर बदललं असणार, म्हणून पत्ता चुकतोय; डिस्कला जुनं अक्षर परत द्यायचं. पुन्हा ओढलंत तर तीच गाणी नव्या नोंदी म्हणून येतील आणि रेटिंग, प्ले काउंट, प्लेलिस्टमधली जागा हे सगळं जुन्या नोंदींनाच चिकटून राहील.

जुनं अक्षर माहीत नसेल तर फाइल > लायब्ररी > एक्स्पोर्ट लायब्ररी करा. आलेली एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'लोकेशन' शोधा, पत्ता अक्षरासकट दिसेल (रिकाम्या जागेऐवजी %20 असतं, त्याने गोंधळू नका).

मग आयट्यून्स बंद करून विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्कवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', चेंज, जुनं अक्षर. ते यादीत नसेल तर पेन ड्राइव्हने वगैरे अडवलेलं असतं, तो काढा. उद्गारचिन्हं लगेच जाणार नाहीत, गाणं वाजवलं की त्याचं चिन्ह जातं.

तानपुरा :
बहुतेक गाणी आली, आभार! एका फोल्डरचं नाव मध्यंतरी बदललं होतं, तेवढीच राहिलीत.

खटपट्या :
जुनं नाव परत द्या, सर्वांत सोपं. नवंच ठेवायचं असेल तर एका गाण्यावर डबल क्लिक करा, 'लोकेट' म्हणा आणि फाइल दाखवा. याच जागी बाकीची हरवलेली गाणीही शोधू का, असं विचारेल, हो म्हणा. आतल्या फाइलींची नावंही बदलली असतील तर मात्र एकेक दाखवावं लागेल.

नुक्ता :
मॅकवरून लिनक्सवर गाणी नेणाऱ्यांसाठी एक भर. मराठी नावांतला 'ऱ' (वाऱ्यावर, साऱ्या) मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल साठवण्याच्या पद्धतीची डिस्क 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा फोडून साठवते. दिसायला नाव तेच, पण लिनक्स बाइट जुळवून बघतं, त्यामुळे एम३यू प्लेलिस्टमध्ये (फाइलींचे पत्ते लिहिलेली साधी मजकूर फाइल) सलग 'ऱ' असेल तर फाइल सापडत नाही. कॉन्व्हएमव्ही (convmv) या फाइलींची नावं बदलणाऱ्या प्रोग्रॅमने नावं एनएफसी, म्हणजे सलग 'ऱ' असलेल्या रूपात आणा. पहिल्यांदा ते नुसती यादी दाखवतं, नावं बदलत नाही. ती यादी वाचूनच पुढे जा.