विंडोज ११ वर गेलात, की अजून दहावरच? काय झालं ते सांगा

पायऱ्या_मोजणारी:
विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा मी बाबांचा डेस्कटॉप वर्षभराच्या जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदवून टाकला. सेटिंग्ज खात्याशी सिंक केल्या, पैसे पडले नाहीत, सुटलो असं वाटलं. पण तीही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मशीन २०१४ चं, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. अकराला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे आम्ही दारातच अडलो. नवीन घ्यायची माझी तयारी आहे, बाबांची नाही. त्यावर त्यांचं कुंडलीचं सॉफ्टवेअर आहे, कधीकाळी सीडीवरून घातलेलं. ज्याने दिलं तो दुकान बंद करून गेला. अख्ख्या भावकीच्या पत्रिका त्यात आहेत.
तर तुम्ही काय केलंत? सल्ला नंतर द्या, आधी अनुभव लिहा.

निवांत:
काहीच झालं नाही. दोन वर्षांचा लॅपटॉप, जेवण उरकेपर्यंत काम झालं. स्टार्टचं बटण मधे गेलं होतं ते परत डावीकडे आणलं. उजव्या क्लिकमध्ये नेहमीचे पर्याय आणखी एका क्लिकच्या आत दडवलेत, त्याला मात्र रोज एक शिवी जाते.

शाईचे_बोट:
आमच्याकडेही पत्रिकाच, पण लग्नाच्या. डीटीपीचं दुकान आहे. जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी नुसत्या रोमन चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट काय, कॉपी करता येतात. घोडं अडलं ते डोंगलपाशी, म्हणजे सॉफ्टवेअर उघडायला मशीनला लावावी लागते त्या किल्लीपाशी. अकरा फक्त ६४ बिटमध्ये मिळतं. त्यावर ३२ बिटचा प्रोग्राम चालतो, पण ३२ बिटचा ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण विंडोजला ओळखायला लावणारा प्रोग्राम) चालत नाही, आणि आमच्या डोंगलचा ड्रायव्हर तेवढाच होता. सॉफ्टवेअर उघडायचं आणि 'डोंगल सापडला नाही' म्हणून बंद व्हायचं. हे कळलं कधी? तुळशीचं लग्न झाल्यावर, ऑर्डरी डोक्यावर असताना.
शेवटी जुन्या मशीनवर दहाच ठेवलं आणि नेटची वायर काढून घेतली. नवीन मशीनवर अकरा. नवीन काम सगळं युनिकोडमध्ये, 'मागच्या वर्षीसारखीच करा' म्हणणारं गिऱ्हाईक आलं की जुन्या मशीनवर.
पायऱ्या_मोजणारी, बाबांचं विंडोज ३२ बिटचं आहे का ते आधी बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाऊट.

पायऱ्या_मोजणारी:
बघितलं. ३२ बिटच. साताचं दहा केलं होतं तेव्हापासून तसंच आहे.

शाईचे_बोट:
मग सॉफ्टवेअर १६ बिटच्या जमान्यातलं असेल तर ६४ बिटवर उघडणारच नाही. आणि ३२ चं ६४ वर चढवून करता येत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं.

व्हाउचर_एन्ट्री:
मी सीएकडे काम करते. अपडेट छान झालं, पण डिजिटल सहीचं टोकन ओळखेना. मागे जायला १० दिवस मिळतात हे माहीत होतं, म्हणून निर्धास्त होते. तिसऱ्या दिवशी डिस्क भरली म्हणून साफसफाई केली आणि त्यात 'जुनं विंडोज' अशा नावाचं भलंमोठं फोल्डर दिसलं, तेही उडवलं. परतीचा रस्ता त्यातच होता! टोकनचा नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत दोन दिवस शेजारच्या टेबलावरच्या मशीनवरून सह्या केल्या. चूक माझीच, पण ते फोल्डर इतकी जागा खात होतं की कुणीही उडवलं असतं.

सातासमुद्रापार:
मी टोरांटोत, आई नाशिकला. आईच्या लॅपटॉपला अकरा चाललं असतं, फक्त टीपीएम बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) बंद होतं. व्हिडिओ कॉलवर आईला बायोसमध्ये नेलं (त्यावर वेगळा धागा निघेल). ते चालू झालं, अपडेटही झालं. आठवड्याने बायोस अपडेट केला आणि निळा पडदा आला: ४८ अंकी रिकव्हरी की द्या. डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झाली होती, हे कुणाच्या गावी नव्हतं. की गेली होती ज्याच्या खात्याने लॅपटॉप सुरू केला त्याच्याकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे, आणि तो ट्रेकला. दोन दिवस आई म्हणत होती, "अरे, कुलूप लावलं कुणी?" भाचा खाली उतरला, त्याने की पाठवली, आईने चष्मा पुसून ४८ आकडे टाकले. पहिल्या झटक्यात बरोबर! मला जमलं नसतं. आता ती की कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात आहे.

इन्व्हर्टर:
अपडेट ७० टक्क्यांवर आणि लाईट गेली. लाईट आल्यावर दहा जसंच्या तसं उघडलं. देव आहे.

हट्टी:
सहाव्या पिढीच्या लॅपटॉपवर अकरा चालवतोय. रूफस नावाच्या प्रोग्रामने अकराची पेनड्राइव्ह बनवली की प्रोसेसर-टीपीएमची तपासणी वगळता येते. दर महिन्याचे अपडेट येतात, वर्षाचं मोठं व्हर्जन मात्र आपण होऊन येत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह करा. हे जबाबदारीने सांगतोय असं समजू नका. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर तर २४एच२ (अकराचं २०२४ चं व्हर्जन) सुरूच होत नाही, त्याला लागणाऱ्या सूचनाच त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. तिथे हट्टही चालला नाही.

खडू_फळा:
शाळेत दान मिळालेले चार डबे (जुने कॉम्प्युटर) होते. विंडोज काढून त्यांवर लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकली. मुलांना फरक पडला नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाइप करतात. फरक पडला मास्तरांना, माझ्यासकट. वरून आलेल्या एक्सेल शीटमधले मॅक्रो (आत लिहिलेले छोटे प्रोग्राम) चालत नाहीत, ती शीट मी घरी भरतो.

पायऱ्या_मोजणारी:
सगळ्यांना धन्यवाद. 'शाईचे_बोट' यांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. नेटची वायर काढायची म्हटल्यावर मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "काढ की. ग्रह काय दर महिन्याला अपडेट होतात?" वायर काढली. बँकेचं आणि मेलचं आता फोनवर.
फक्त एक अडलंय. काल आत्याने नातवाची पत्रिका व्हॉट्सॅपवर मागितली. सॉफ्टवेअर पीडीएफ करत नाही, फक्त प्रिंट देतं, आणि प्रिंटरचं काडतूस वाळलंय. बाबांनी पडद्याचा फोटो काढून पाठवला, त्यात मंगळ उजेडाच्या तिरपीत गेला. विंडोज १० मध्ये 'प्रिंट टू पीडीएफ' असतं ना, ते इतक्या जुन्या प्रोग्रामला दिसत का नसावं? कुणी करून बघितलंय?