डावा चालते तर फ्लॅशर कशाले बदलता?
वर कोणी फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करते तो छोटा डबा) बदलून टाका म्हटलं, पण भाऊ, तुमच्या बाईकचा डावा इंडिकेटर बरोबर टिकटिक करते अन् उजवा नुसता पेटून राहते म्हणता ना, मंग फ्लॅशर तर दोन्ही बाजूंले एकच असते, त्याचा काय दोष. मागच्या उजव्या बल्बची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडं परत जायची वाट, पाहा आधी. आपल्या इकडं काळ्या मातीचा चिखल मडगार्डखाली जाऊन बसते अन् इंडिकेटरच्या दांडीच्या नटापाशी गंज धरते. बॅटरीच्या मायनसपासून एक वायर बल्बच्या होल्डरच्या पत्र्याले टेकवा, लगेच उघडझाप सुरू झाली तर अर्थिंगच गेली समजा, नट खोलून पॉलिशपेपर मारा.

अन् बल्बवर १० वॅटच लिहिलं आहे ना? जुन्या फ्लॅशरले लोड (बल्बांचे एकूण वॅट) कमी पडला की उघडझाप बिघडतेच, अन् दुकानवाला ५ वॅटचा बिनधास्त हातात टेकवते.