प्रतिसाद: सांगोला 'हक्काचा' कधीच नव्हता

गणपतराव देशमुख 11 वेळा निवडून आले कारण सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) हक्काचा मतदारसंघ होता, हा वरचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. 1962 ला ते पहिल्यांदा आमदार झाले, पण 1972 ला तिथेच पडले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला तर शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या 192 मतांनी हरले. वयाची सत्तरी ओलांडलेली, पक्ष राज्यभर आक्रसत चाललेला, तरी 1999 ला पुन्हा त्याच पक्षाकडून उभे राहिले आणि जिंकले. हक्काच्या जागेवर असं होत नाही हो!

आणखी एक, मंत्रिपदाबद्दल इथे कुणी लिहिलेलं नाही. ते दोनदा मंत्री झाले: 1978 चं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झालं, 1999 च्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारातून शेकाप 2002 मध्ये बाहेर पडला. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपद जेमतेम चारेक वर्षं. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी त्यांनी जो लढा दिला, तो माझ्या लेखी दोन्ही मंत्रिपदांहून मोठा आहे.