पहिलं बाळंतपण आणि इंडक्शन: तुमचा अनुभव सांगाल?

पहिलटकरणीला डॉक्टर सांगतात, ‘आता आणखी थांबायला नको, आपणच कळा आणू.’ यालाच इंडक्शन, किंवा इंड्यूस करणं म्हणतात. तोवर तिने मनाची तयारी केलेली असते ती वेगळ्याच गोष्टीची. अवेळी कळा सुरू होतील, धावपळ होईल, फोनाफोनी होईल. इथे मात्र ठरल्या दिवशी बॅग घेऊन शांतपणे चालत जायचं असतं, आणि गेल्यावर पुष्कळ वेळ काहीच होत नाही. हे आधी कोणी सांगितलं असतं तर ते तास किती सोपे गेले असते! म्हणून हा धागा. ज्यांचं पहिलं बाळंतपण इंड्यूस झालं त्यांनी जमेल तितकं सविस्तर लिहा. शेवटी सीझर झालं असेल तर तेही नक्की लिहा, ते अनुभव फारसे वाचायला मिळत नाहीत. सुरुवात मीच करते.

मला ४१ आठवडे पूर्ण झाले होते. बाळाची हालचाल छान, पाणी पुरेसं, बीपी व्यवस्थित, पण कळांचा पत्ता नाही. आधीच्या तपासणीत डॉक्टरांनी ‘स्वीप’ केलं होतं. म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडातून बोट आत घालून पाण्याची पिशवी कडेने सुटी करतात. दुखतं, नंतर थोडा रक्ताळ चिकट स्राव जातो, आणि काही जणींना तेवढ्यावरच एक-दोन दिवसांत कळा सुरू होतात. मला नाही झाल्या.

ॲडमिट झाल्यावर आधी बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला, मग आतून तपासणी. पिशवीचं तोंड बंद, जाड आणि मागच्या बाजूला वळलेलं होतं. याचं मोजमाप असतं, त्याला बिशप स्कोअर म्हणतात. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, पुढे आहे की मागे, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय, अशा पाच गोष्टींचे मिळून जास्तीत जास्त १३ गुण. ८ किंवा त्याहून जास्त असतील तर शरीर तयार आहे असं धरतात. ६ किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करायचं आणि जोरदार कळांचं नंतर पाहायचं. माझे ३ होते. डॉक्टरांनी हा आकडा मला सांगितला याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, कारण त्यामुळे पहिला दिवस हा तोंड मऊ होण्याचा दिवस आहे हे डोक्यात पक्कं बसलं आणि मी घड्याळाकडे बघणं सोडलं.

मग तोंड मऊ करणारं प्रोस्टाग्लँडिनचं जेल लावलं. गार लागतं, बाकी काही नाही. काही वेळ पडून राहायला सांगतात, मग फिरायला मोकळीक. सहा तासांनी पुन्हा तपासणी, पुन्हा जेल. रात्रभर पाळीसारखं पोट आणि कंबर दुखत राहिली. झोप लागावी इतकं कमी नाही आणि ‘कळा आल्या’ म्हणावं इतकं जास्त नाही. सकाळी तोंड तीन सेंटीमीटर उघडलं होतं. मग लांब, टोकाला हूक असलेल्या प्लास्टिकच्या काडीने पाण्याची पिशवी फोडली. ते फोडणं दुखत नाही, त्याआधीची तपासणी दुखते. कोमट पाण्याचा लोंढा आला, आणि त्यानंतर प्रत्येक कळेसरशी थोडं थोडं पाणी येतच राहिलं. डॉक्टरांनी आधी पाण्याचा रंग पाहिला. स्वच्छ होता. हिरवट असता तर बाळाने पोटात शी केली आहे असा अर्थ झाला असता आणि लक्ष आणखी वाढवलं असतं.

त्यानंतर कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप. ती पंपातून थेंब मोजून देतात आणि साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवतात. पोटावर दोन पट्टे, एक बाळाच्या ठोक्यांचा, एक कळांचा. मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर येत होती आणि कळेचा डोंगर कागदावर उमटायला लागला की क्षणभराने तो मला पोटात कळायचा. कुशीवर वळलं की पट्टा सरकायचा, ठोके ऐकू यायचे बंद व्हायचे आणि माझाच जीव घाबरायचा. सिस्टर येऊन पट्टा नीट करायच्या की पुन्हा टकटक सुरू. हे दिवसभर होत राहतं. ठोके ऐकू आले नाहीत म्हणजे बाळाला काही झालं असं नसतं. पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत फार सावकाश, आणि तिथून पुढे भराभर. त्याच रात्री मुलगी झाली.

*

माझं पाणी ३८ व्या आठवड्यात गेलं, तेही कळांशिवाय. पाणी गेल्यावर बहुतेकींना २४ तासांच्या आत आपोआप कळा येतात, पण जितका उशीर तितका संसर्गाचा धोका. म्हणून मला दोन पर्याय दिले, थोडं थांबा किंवा लगेच ड्रिप सुरू करू. मी ड्रिप घेतली. पाणी गेलेलं असताना आतल्या तपासण्या मुद्दाम कमी करतात, त्यामुळे ‘किती उघडलं?’ हे वारंवार कळत नाही. त्याची तयारी ठेवा.

ड्रिपच्या कळांबद्दल एक सांगते. आपोआप सुरू झालेल्या कळा हळूहळू चढतात, शरीराला सवय होत जाते. मला तसं काही मिळालं नाही. कळ, छोटी विश्रांती, कळ. तासाभरात मी एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारी पाठीतली भूल, मागितलं. पाठीच्या कण्यापाशी बारीक नळी घालतात तेव्हा वाकून अगदी स्थिर बसावं लागतं आणि त्यातच कळ येते, तेवढाच भाग अवघड. मग कंबरेखाली जडपणा आला आणि मी चक्क झोपले. जोर लावायची वेळ आली तेव्हा कळ कधी आली ते सिस्टर पोटावर हात ठेवून सांगत होत्या. एपिड्युरल मागायला संकोच करू नका. उशिरा मागितलं तर भूलतज्ज्ञ येईपर्यंत थांबावं लागतं.

*

माझा अनुभव थोडक्यात, कारण सगळंच थोडक्यात झालं. बाळाची वाढ मंदावली होती म्हणून मिझोप्रोस्टॉलची छोटी गोळी दिली, २५ मायक्रोग्रॅमची. पहिल्या गोळीनंतर काहीच नाही. दुसरीनंतर कळा एकीवर एक येऊ लागल्या, मधे श्वास घ्यायला जागा नाही. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा आल्या तर ते जास्त समजतात, आणि बाळाचे ठोके खाली यायला लागले होते. खोलीत एकदम चार माणसं आली. मला डाव्या कुशीवर वळवलं, सलाईन वाढवलं, पिशवी सैल होण्यासाठी इंजेक्शन दिलं. ठोके पुन्हा वर आले. पुढे औषध द्यावंच लागलं नाही, नॉर्मल झाली, बाळ लहानखुरं पण ठणठणीत.

हे घाबरवायला लिहीत नाहीये. ते पट्टे नकोसे होतात, पण माझ्या बाळाचा त्रास त्या पट्ट्यांमुळे वेळेत दिसला. कळांमधे अंतरच उरलं नाही असं वाटलं तर लगेच आवाज द्या.

*

माझं सीझर झालं. बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन आलं, ३७ आठवडे झाले होते, थांबण्यात अर्थ नव्हता. औषधाऐवजी मला बलून लावला. साधी लघवीची नळी असते तशीच, ती पिशवीच्या तोंडातून आत सरकवून टोकाचा फुगा सलाईनच्या पाण्याने फुगवतात आणि नळी हलका ताण देऊन मांडीला चिकटवतात. फुगा आतून तोंडावर दाब देत राहतो. घालताना जीव कासावीस झाला, मग विसरायला झालं. पहाटे बाथरूममध्ये तो आपसूक निसटून बाहेर आला. मी ओरडलेच, पण सिस्टर आनंदाने म्हणाल्या, ‘अगं, पडला म्हणजे तीन-चार सेंटीमीटर झालं!’

पुढे पाणी फोडलं, ड्रिप लावली. वाढलेल्या बीपीमुळे झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं औषध चालू होतं, त्याने सगळं अंग तापल्यासारखं गरम होतं. पाच सेंटीमीटरवर गाडी अडली ती अडलीच. बाळाचं तोंड वरच्या बाजूला होतं, कंबर फुटेल असं वाटत होतं. दुपार गेली, संध्याकाळ गेली. शेवटी डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले, काय काय करून झालंय ते क्रमाने सांगितलं आणि म्हणाले, ‘आता मला सीझर योग्य वाटतंय, तुम्हाला काय वाटतं?’ मी हो म्हटलं. तो प्रश्न मला विचारला गेला, याचा मला आजही आधार वाटतो. घरी आल्यावर मात्र ‘एवढं सगळं करून शेवटी सीझरच’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की रडू यायचं. माझं बीपी धोकादायक होत होतं, बाळ बाहेर येणं गरजेचं होतं, आणि ते सुखरूप आलं. कोणाच्या घरी अशी बाळंतीण असेल तर कृपा करून हे वाक्य तिला ऐकवू नका.

*

मी बाबा आहे, चालेल ना?

मला कोणी काम सांगितलं नव्हतं, म्हणून मीच शोधलं. कोणतं औषध किती वाजता दिलं, पुढची तपासणी कधी, हे वहीत लिहीत गेलो. शिफ्ट बदलली, नव्या सिस्टर आल्या, आणि बायकोला ग्लानीत काहीच आठवेना तेव्हा ती वही उपयोगी पडली. दुसरं काम कंबर दाबण्याचं. कळ येताना तळहाताचा खालचा भाग माकडहाडाच्या वर घट्ट रोवून दाबायचा, कळ ओसरली की सोडायचं. मनगट भरून येतं, तरी थांबू नका. आणि घरच्यांचे फोन तुम्ही घ्या. ‘झालं का?’ हा प्रश्न तिच्यापर्यंत एकदाही पोचू देऊ नका.

*

मी लेबर रूममध्ये काम करते. वरचे अनुभव वाचून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

इंडक्शनमुळे सीझर वाढतात असं सर्रास बोललं जातं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘अराइव्ह’ अभ्यासात पहिलटकरणी, कमी जोखमीच्या, अशा सहा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. ज्यांना ३९ व्या आठवड्यात इंड्यूस केलं त्यांच्यात सीझरचं प्रमाण १८.६ टक्के होतं, आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यात २२.२ टक्के. याचा अर्थ सगळ्यांनी ३९ व्या आठवड्यात धाव घ्यावी असा मुळीच नाही. पण कारण खरं असेल तर या भीतीपोटी नकार देऊ नका. उलट बाजूने, ४२ आठवड्यांपर्यंत थांबण्याबद्दल मी सावध राहायला सांगेन. स्वीडनमधल्या ‘स्वेपिस’ अभ्यासात ४१ आठवड्यांना इंडक्शन आणि ४२ पर्यंत वाट पाहणं यांची तुलना चालली होती. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून तो मधेच थांबवला. असा प्रसंग एकूणात विरळाच. तरीही जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे नक्की पूर्ण झाल्यावर इंडक्शनची शिफारस करते ती उगाच नाही.

आणि घाई. पहिल्या बाळंतपणात तोंड उघडायला वेळ लागतो. आई आणि बाळ दोघं ठीक असतील, तर पाणी फोडून ड्रिप लावल्यावर निदान १२ ते १८ तास दिल्याशिवाय ‘इंडक्शन लागू पडलं नाही’ असं ठरवू नये, असं शास्त्र सांगतं. तुम्ही विचारू शकता: माझा स्कोअर किती? ही कोणती पायरी? याने काही झालं नाही तर पुढे काय? थोडं थांबलं तर चालेल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

*

मला पुढच्या आठवड्यात बोलावलंय, डायबेटिसमुळे. सगळं वाचतेय, खूप धीर येतोय. हालचाल करता येते का? आणि सुरू असताना खायला देतात का?

*

पहिल्या टप्प्यात दोन्ही, बहुतेक ठिकाणी. जेल किंवा बलून असताना फिरता येतं, जमेल तेव्हा झोप मात्र घ्याच, पुढे लागते. ड्रिप लागल्यावर पट्ट्यांमुळे मर्यादा येतात, तरी बसून, उभं राहून, चेंडूवर झुलत कळा घेता येतात, विचारा. खाण्याचं तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. तुमची साखर मधूनमधून तपासतील आणि जन्मानंतर बाळाचीही टाचेतून तपासतील, ते पाहून दचकू नका. ड्रिप बाळ झाल्यावर लगेच काढत नाहीत. वार पडल्यावर दमलेली पिशवी नीट आकसावी आणि रक्तस्राव वाढू नये म्हणून ती काही तास चालू ठेवतात. त्यामुळे सुई लावतानाच सांगा की कोपराच्या खाचेत नको, हाताच्या पुढच्या भागात लावा, आणि तुम्ही उजव्या असाल तर डाव्या हाताला. बाळाला पहिल्यांदा अंगावर घेताना कोपर वाकवावं लागतं आणि तिथे सुई असेल तर पंप सारखा वाजत राहतो.