पाठांतरावर नको, इंजिनालाच विचारू द्या

भाऊ, "एआय मॉडेलला गोडो या गेम इंजिनाचे सगळे क्लास (कोडचे तयार साचे) येतातच, ते शोधून देणारं वेगळं टूल कशाला?" हे तुमचं म्हणणं पटत नाही. इथं नागपुरात आमची पोरं फुटाळा तलावावरचा एक छोटा गेम करताहेत, गोडो ४ मध्ये. कोड लिहिणारा एआय एजंट मात्र सारखा गोडो ३ चा कोड देतो: कायनेमॅटिकबॉडी टूडी हा क्लास लिहितो, मूव्ह-अँड-स्लाइड या हलवायच्या फंक्शनला वेग कंसात देतो. २०२३ च्या ४.० पासून तो क्लास कॅरेक्टरबॉडी टूडी झाला, अन् वेग त्याच्या व्हेलॉसिटी या गुणधर्मात ठेवावा लागतो.

गोडो स्वतःच डॉकटूल या कमांड-लाइन पर्यायानं प्रत्येक क्लासची एक्सएमएल फाइल काढून देतं, तुमच्याच आवृत्तीची. टूलनं त्यातला मागितलेला तेवढाच क्लास द्यावा. आणि वरच्या क्लासकडून वारशानं आलेलं सगळंही जोडावं. उदाहरणार्थ, पोझिशन (जागा) कॅरेक्टरबॉडीच्या फाइलीत सापडतच नाही, ती वरच्या नोड टूडी क्लासमध्ये असते.