उकरमार्कच्या डबक्यातला लाल पोटाचा बेडूक

उत्तरेचीवैदेही: मंडळी, बर्लिनच्या उत्तरेला राहते. शेतातल्या डबक्यातून संध्याकाळी 'उंक... उंक' असा घुमका येतो. काठाला एक बेडूक दिसला, जेमतेम ४-५ सेंमी. पाठ मातकट, पोट काळं नि त्यावर शेंदरी डाग. लेक जवळ जाताच बेडकाने पाठ वाकवून तळपाय उलटे केले! विषारी आहे का?

डबकेबहाद्दर: बोम्बिना बोम्बिना, हे त्याचं शास्त्रीय नाव! पक्का सखल भागातला गडी. डेन्मार्क-पूर्व जर्मनीपासून पोलंड, युक्रेन करत पार उरल पर्वतापर्यंत, खाली डॅन्यूबच्या खोऱ्यात. पाय उलटे करून रंग दाखवतो, म्हणजे 'खाऊ नकोस, पस्तावशील'. अंगाचा स्राव डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो. शिवाय कायद्याने संरक्षित, उचलायचाच नाही.

म्युनिककर: आमच्याकडे पिवळ्या पोटाचा असतो की. तोच ना?

डबकेबहाद्दर: छे हो, तो बोम्बिना व्हेरिएगाटा, वेगळी जात, डोंगराकडचा. ट्रॅक्टरच्या चाकोरीतलं पाणीही त्याला पुरतं. कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी दोघांचा संकरही होतो. आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात विकतात तो हिरव्या पाठीचा बोम्बिना ओरिएंटालिस, तिसरी जात, कोरिया-ईशान्य चीनचा.

उत्तरेचीवैदेही: आभार! लेकाला दुर्बीण देते हातात.